मदत हवी आहे : उन्हाळ्यात इंजिन ऑइल फार तापतंय, ग्रेड बदलू का?

मंडळी, गाडी म्हणजे बाइक, १५० सीसी, एअर-कूल्ड, ऑइल कूलर नाही. सकाळची शिफ्ट बुटीबोरीला, परत यायचं भर दुपारी. नवतपा (उन्हाळ्यातले सर्वात तापणारे नऊ दिवस) लागला की नागपूरचं ऊन काय असतं ते इकडच्यांना सांगायला नको.

वर्धा रोडवर गाडी पळती असली की फिन्सना (इंजिनवरच्या पात्यांना) वारा मिळतो, काही त्रास नाही. घोळ होतो व्हरायटी चौकात. सिग्नलला हिरवी जाळी लावतात, पण तिच्याखाली माणूस वाचतो, इंजिन नाही! न्यूट्रल सापडत नाही, गिअर अडकत पडतो आणि हेडमधून (इंजिनच्या वरच्या भागातून) टकटक सुरू होते. ऑइल भरायच्या झाकणाजागी काट्याचा थर्मामीटर बसवलाय. रस्त्यावर तो १०५ अंशांच्या आसपास असतो, गर्दीत १२५ पार जातो.

मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड (म्हणजे जाडी) १०डब्ल्यू-३० आहे. मेकॅनिकभाऊ म्हणतात, बिनधास्त त्याहून जाड २०डब्ल्यू-५० टाका. पण जाड ऑइलने इंजिन थंड होत नाही ना? गरम झाल्यावर ते कमी पातळ होतं, एवढंच. शिवाय ऑइल पंपावर ताण येईल तो वेगळाच. त्यापेक्षा त्याच ग्रेडचं फुल सिंथेटिक बरं, असं मला वाटतं. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असल्याने जासो एमए२ (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलचं मानांकन) पाहूनच घेईन.

लेव्हल गाडी सरळ उभी करून पाहिली, दोन्ही खुणांच्या मध्ये आहे. टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप अजून तपासायचाय.

विदर्भात अशा गाडीला कोणी २०डब्ल्यू-५० वापरलंय का? मायलेज किती पडलं? आणि बाहेरून ऑइल कूलर बसवून खरंच काटा खाली आला का?