डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आपल्या माणसांचा केअर होममधला मार, चावे, शिव्या : तुमच्या घरचे अनुभव लिहा

मालवाकन्या
आज कपाट आवरताना बाबांचा इंदूरच्या हुकुमचंद मिलचा पास सापडला. मिल 1991 मध्ये बंद पडली, पण डिमेन्शियात बाबांची मिल रोज संध्याकाळी सुरू व्हायची. सहा वाजले की केअर होमच्या दाराशी. अडवलं की शिव्या, ढकलाढकली. एकदा आयाचं मनगट असं पिरगळलं की सूज आली. फोन आला, "घेऊन जा यांना." ज्या माणसाने आम्हाला कधी चापट मारली नाही! मी त्या बाईपुढे हात जोडून रडले.

वाट काढली चौकीदाराने. अडवायचाच नाही. "बाबूजी, पास दिखाओ." मग मी पासच नेऊन दिला. तो नीट निरखून म्हणायचा, "आपकी तो कल सुबह की शिफ्ट है." बाबा निवांत मागे फिरायचे.

तिलकनगरवाली
आई आठवड्याभरात चावायला लागली. सगळे म्हणाले आजार वाढला. लघवी तपासली तर इन्फेक्शन! जळजळ होतेय हे तिला सांगताच येत नव्हतं. औषधाने चावणं थांबलं. अचानक बदल दिसला तर आधी हे बघा, बद्धकोष्ठ नि दातसुद्धा. कुकर झाला, येते.

छावणीकर
काका ताट भिरकवायचे. रोज सकाळी दलिया देत होते हो, जन्मभर पोहे खाल्लेल्या माणसाला! शेव नि जीरावन मसाला घालून पोहे दिले, मुकाट्याने खाल्ले.

तिलकनगरवाली
शेव मऊ होऊ द्या हं, घशात अडकते.

छावणीकर
हो ताई, पोह्यातच कालवून ठेवतो.

रात्रपाळीची_नर्स
मी सगळ्यात जास्त मार अंघोळीच्या वेळी खाल्लाय. आजींना वाटतं कोणी परकं लुगडं ओढतंय, मारणारच ना! आता डोक्यावर एकदम पाणी ओतत नाही. अंगावर टॉवेल तसाच ठेवून आधी पाय, मग हात. मागून हात लावायचा नाही, समोर येऊन बोलायचं. नाही म्हणाल्या तर अर्ध्या तासाने पुन्हा. पण पाळीला दोनच आया असल्या तर तो अर्धा तास आणायचा कुठून? प्रवेश घेताना रात्री किती माणसं असतात ते विचारत जा.

जेलरोडचा
वडिलांना आम्हाला न विचारता शांत राहायची गोळी सुरू केली. अंग लाकडासारखं, चालणं बंद. नंतर कळलं, ल्यूई बॉडी डिमेन्शिया. त्यात हॅलोपेरिडॉलसारखी औषधं फार घात करतात. या प्रकारच्या गोळ्यांनी डिमेन्शिया झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने 2005 मध्ये नव्या गोळ्यांबद्दल आणि 2008 मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या गोळ्यांबद्दलही दिला होता. कधी द्यावीच लागते, मान्य. पण कशासाठी, किती दिवस, डॉक्टरांकडून लिहून घ्या. मी विचारलं नाही, अजून झोप लागत नाही.

मालवाकन्या
भाऊ, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. स्वतःला असं जाळू नका.

रामबागची_सून
विषय वेगळा, पण मिलचा भोंगा आठवतो का कुणाला? सासरे त्यावर घड्याळ लावायचे.

छावणीकर
आमची आजी भोंगा ऐकून कणीक मळायला घ्यायची.

मालवाकन्या
अगं, बाबा शेवटी तोंडानेच भोंगा वाजवायचे! शेजारच्या खाटेवरचे आजोबा चपला शोधायला लागायचे. चौकीदाराचा नंबर आहे अजून माझ्याकडे. करते आज फोन.