अंतर्मुख, आदर्शवादी, भावनाप्रधान: नेमके काय म्हणावे?

प्रश्न

मायर्स-ब्रिग्ज या व्यक्तिमत्त्व चाचणीतल्या सोळा प्रकारांपैकी 'आयएनएफपी' (अंतर्मुखता, अंतःप्रज्ञा, भावना आणि ग्रहणशीलता यांची इंग्रजी अक्षरे) या प्रकाराचे वर्णन 'अंतर्मुख आदर्शवादी' असे केलेले आढळते. त्याऐवजी अबोल, लाजाळू, भिडस्त हे रोजच्या बोलण्यातले शब्द चालतील का? आणि अशा व्यक्तीला 'भावनाप्रधान' म्हणणे कितपत बरोबर आहे?

उत्तर

'अंतर्मुख' हा शब्द मराठीत दोन क्रियापदांबरोबर येतो आणि क्रियापद बदलले की अर्थही बदलतो. 'त्या घटनेने तो अंतर्मुख झाला' असे म्हणताना आपण एक तात्पुरती अवस्था सांगत असतो. एरवी गप्पांचा फड रंगवणारा माणूसही असा अंतर्मुख होऊ शकतो, आणि समीक्षकांचा आवडता 'अंतर्मुख करणारा प्रयोग' तर सगळ्या प्रेक्षागृहालाच तसे करून सोडतो. 'तो अंतर्मुख आहे' हे मात्र स्वभावाचे विधान आहे, आणि या अर्थाने हा शब्द रुळला तो मानसशास्त्रामुळे. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वप्रकारांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात माणूस किती बोलतो हा मुख्य प्रश्न नव्हता. त्याच्या मानसिक ऊर्जेचा ओढा बाहेरच्या माणसांकडे आणि वस्तूंकडे आहे की स्वतःच्या आतल्या अनुभवाकडे, हा होता. आपल्याकडे आत वळण्याची कल्पना याहून कितीतरी जुनी आहे. इंद्रिये बाहेर उघडणारी असल्यामुळे माणूस बाहेरच पाहतो आणि एखादाच धीर पुरुष नजर आत वळवतो, असे कठोपनिषदात म्हटले आहे. 'अंतर्मुख' या शब्दाला जे वजन आहे आणि 'घुमा' या शब्दाला जे नाही, त्याचे मूळ बहुधा या परंपरेत असावे.

आता शेजारचे शब्द पाहू. 'अबोल' फक्त बाहेरून दिसणारे सांगतो, कारण सांगत नाही. 'मितभाषी' ही स्तुती आहे, तर 'घुमा' म्हणताना हा काहीतरी लपवतो आहे असा संशय डोकावतो. 'लाजाळू' माणसाला लोकांच्या नजरेची धास्ती असते. अंतर्मुख माणसाला ती असेलच असे नाही, आणि उलट लोकांत मिसळण्याची मनापासून ओढ असूनही लाजेपायी मागे राहणारी माणसे असतातच. 'एकलकोंडा' हा शब्द तर बहुतेक वेळा दुसऱ्यांची तक्रार असते. ज्याच्याविषयी बोलतो आहोत त्याला दोन जिवाभावाची माणसे पुरतात आणि त्यांच्याशी तो तासन्‌तास बोलतो, हे तक्रार करणाऱ्याला ठाऊक नसते.

या प्रकाराच्या बाबतीत सर्वांत चुकीचा शब्द माझ्या मते 'भिडस्त' हा आहे. भीड म्हणजे समोरच्याला नाही म्हणता न येणे. एखाद्या कार्यालयातली बैठक डोळ्यांसमोर आणा. वेळापत्रक ठरते, कामांची वाटणी होते, आराखड्याचा रंग निवडला जातो आणि कोपऱ्यातली व्यक्ती प्रत्येक वेळी मान हलवते. मग माहितीपत्रकाच्या मसुद्यात 'आमचा प्रत्येक ग्राहक समाधानी आहे' हे वाक्य येते आणि तीच व्यक्ती शांतपणे म्हणते, "हे खरे नाही. मागच्या महिन्यातल्या तक्रारींना अजून उत्तरे गेलेली नाहीत. हे वाक्य मी लिहिणार नाही." मंडळी चमकतात. आतापर्यंत भिडस्त वाटलेली व्यक्ती आता त्यांना हट्टी वाटू लागते. प्रत्यक्षात तिच्यात काहीच बदललेले नसते. आधीच्या बाबतीत तिला कोणतेही मूल्य पणाला लागलेले दिसत नव्हते, म्हणून तिने वाद घातला नाही; या वाक्यात तिला ते दिसले.

इथेच 'आदर्शवादी' हा दुसरा शब्द येतो. (तत्त्वज्ञानातला आदर्शवाद, म्हणजे चिद्वाद, हा विषय वेगळा, तो इथे बाजूला ठेवू.) मराठीत 'ध्येयवादी' आणि 'आदर्शवादी' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांत फरक करण्याजोगा आहे. ध्येय गाठायचे असते. त्यासाठी योजना आखता येते आणि ते किती गाठले हे मोजताही येते. आदर्श या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ आरसा असा आहे, आणि या स्वभावाची माणसे आपले काम, आपली नाती आणि बऱ्याचदा स्वतःलाही सतत अशा आरशासमोर धरत असतात. त्यामुळे शंभरातली नव्वद वाक्ये उत्तम जमली तरी उरलेली दहा त्यांना झोपू देत नाहीत. काम लांबणीवर पडते, वरिष्ठांना तो आळस वाटतो, आणि मसुद्यावर सहज मारलेला शेरा त्यांना स्वतःवरचाच वाटतो. बोलण्यात 'फार आदर्शवादी आहे' या वाक्याचा अर्थ 'व्यवहारशून्य आहे' असा होतो तो यामुळेच. तो अर्थ नेहमीच अन्यायाचा असतो असे नाही, पण दर वेळी तोच लावणे हा मात्र अन्यायच आहे.

'भावनाप्रधान' या शब्दाबद्दल. युंग यांनी विचार आणि भावना ही दोन्ही कार्ये विवेकाच्या बाजूची मानली, कारण दोन्ही निवाडा करतात: विचार खरे-खोटे ठरवतो, भावना एखाद्या गोष्टीचे मोल ठरवते. 'भावनाप्रधान' म्हटले की मराठी वाचकाला डोळ्यांत चटकन पाणी येणारा माणूस दिसतो. अशी माणसे या प्रकारात असतीलही, पण व्याख्येला ते अभिप्रेत नाही. मी तिथे 'मूल्यनिष्ठ' हा शब्द वापरेन.

एक आक्षेप

हे सगळे चार अक्षरांच्या आधारावर उभे आहे. त्या अक्षरांना शास्त्रीय आधार किती? शिवाय एकदा नाव पडले की माणूस त्या नावामागे लपतो. 'मी अंतर्मुख आहे, मला सभेत बोलायला सांगू नका' अशी सबब मी अनेकदा ऐकली आहे.

उत्तर

आक्षेपातला पहिला भाग बव्हंशी मान्य आहे. युंग यांच्या कल्पनांवरून ही चाचणी तयार केली ती कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकेतल्या मायलेकींनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. अंतर्मुखतेसाठी (इंट्रोव्हर्जन) 'आय' हे अक्षर आधीच खर्ची पडल्यामुळे अंतःप्रज्ञेसाठी (इंट्यूशन) त्यांना 'एन' घ्यावे लागले, इतकी ही अक्षरे सोयीची आहेत. मोठी अडचण अशी की चाचणी माणसांचे दोन कप्पे पाडते, तर मोजमाप केल्यावर बहुतेक माणसे मधल्या भागात सापडतात; म्हणूनच काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की अनेकांचे एखादे अक्षर बदललेले असते. संशोधनात आज अधिक मान आहे तो पाच घटकांच्या प्रतिमानाला, म्हणजे स्वभाव पाच गुणांच्या मापांवर मोजणाऱ्या पद्धतीला, आणि तिथे बहिर्मुखता ही कमी-अधिक प्रमाणात असणारी गोष्ट मानली जाते. नोकरीसाठी उमेदवार निवडताना ही चाचणी वापरू नये, असे तिचे पुरस्कर्तेही सांगतात.

सबबीबद्दल मात्र मी थोडा वेगळा विचार करतो. 'मला सभेत बोलायला सांगू नका' ही सबब आहे. 'विषय आदल्या दिवशी कळवा, म्हणजे मी माझे मत लिहून आणेन आणि सभेत वाचेन' ही कामाची सूचना आहे, आणि अंतर्मुख माणसाकडून दुसरे वाक्य येण्याची अपेक्षा करणे रास्त आहे. त्याच्या वरिष्ठांनीही वार्षिक मूल्यमापनात 'सहभाग कमी' किंवा 'स्वभाव भिडस्त' असे लिहून मोकळे होऊ नये. 'बैठकीत क्वचित बोलतात. लेखी अभिप्राय सविस्तर आणि वेळेवर देतात. माहितीपत्रकातील चुकीच्या विधानावर हरकत घेतली' असे लिहिले, तर स्वभावाला कोणतेही विशेषण न लावता वाचणाऱ्याला माणूस कळतो. विशेषण हवेच असेल, तर 'मितभाषी आणि मूल्यनिष्ठ' ही जोडी मला 'अंतर्मुख आदर्शवादी'पेक्षा अशा अहवालात अधिक नेमकी वाटते, कारण या दोन्ही गोष्टी कामात दिसतात. अंतर्मुखता मात्र दुसऱ्याने तर्काने ठरवावी लागते.