गिटमधलं 'ओरिजिन' म्हणजे नक्की कोणाची रेपो? रिमोटची नावं टीमने ठरवावीत का?

रानवाट:
आमच्याकडे नुकताच एक घोळ झाला, त्यावरून हा धागा. आमचं काम ग्राहकाच्या गिट रेपोवर (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) चालतं आणि प्रत्येकाचा आपापला फोर्क (सर्व्हरवरची स्वतःची प्रत) आहे. आपल्या मशीनवरून अशा रेपोला दिलेलं टोपणनाव म्हणजे रिमोटचं नाव; क्लोन करताना (रेपो मशीनवर उतरवून घेताना) गिट आपोआप 'ओरिजिन' हे नाव देतं. कॉलवर मी एका नव्या सहकाऱ्याला म्हटलं, "रीबेस झालाय ना, मग ओरिजिनवर फोर्स पुश कर." (रीबेस म्हणजे आपले बदल नव्या पायावर पुन्हा रचणं; फोर्स पुश म्हणजे तिथे जे असेल त्यावर आपली प्रत बळजबरीने चढवणं.) माझ्या मशीनवर ओरिजिन म्हणजे माझा फोर्क. त्याने मात्र ग्राहकाची रेपो थेट क्लोन करून फोर्क नंतर जोडला होता, म्हणजे त्याचं ओरिजिन ग्राहकाकडे. त्याच नावाची ब्रँच (कामाची वेगळी शाखा) तिथेही होती आणि तीवर आणखी दोघं काम करत होती. त्यांचे कमिट (नोंदवलेले बदल) ब्रँचवरून गेले. एकीच्या लॅपटॉपवर ताजी प्रत होती, म्हणून रात्री अकरापर्यंत सगळं परत आलं. त्या मुलाची यात काही चूक नाही. मी सांगितलं तेच त्याने केलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. 'ओरिजिन' एवढंच सांगतं की तुम्ही कुठून क्लोन केलं. रेपो कोणाची, ते सांगत नाही. नाव मालकावरून असावं: ग्राहकाची ती 'क्लायंट', माझा फोर्क माझ्या नावाने, सहकाऱ्याचा त्याच्या नावाने. क्लोन करतानाच 'वजा ओ' हा पर्याय देऊन नाव ठरवता येतं. गिट २.३० पासून (डिसेंबर २०२०) 'क्लोन डॉट डिफॉल्टरिमोटनेम' ही सेटिंगही आहे. जुन्या क्लोनसाठी 'गिट रिमोट रिनेम' आहेच.

कातळशिल्प:
साफ असहमत. रिमोटचं नाव ज्याच्या-त्याच्या डॉट-गिट फोल्डरमधल्या कॉन्फिगमध्ये असतं, ते रेपोबरोबर कुठेही जात नाही. मग नियम कोणी पाळला आणि कोणी नाही, हे तपासणार कसं? शिवाय प्रत्येक ट्युटोरियलमध्ये ओरिजिनच आहे, आमच्या निम्म्या स्क्रिप्टमध्येही. नव्या मुलाला आधीच रीबेस आणि मर्ज शिकायचं असतं, त्यात आपल्या टीमची खास बोली कशाला?

तुमचा अपघात झाला तो सामायिक ब्रँचवर फोर्स पुश चालू होतं म्हणून. दाराला कुलूप नव्हतं, आणि तुम्ही पाटी बदलायला निघालात.

रानवाट:
कुलूप आम्ही दुसऱ्याच दिवशी मागितलं. पण सर्व्हर ग्राहकाचा, सेटिंग त्यांच्या हातात. त्यांनी मेन आणि रिलीज या ब्रँचवर फोर्स पुश बंद केलं, फीचर ब्रँच अजून उघड्याच आहेत.

नाव लॅपटॉपवर राहतं, हे कबूल. पण ते *बोललं* जातं कॉलवर आणि चॅटवर. तिथे एका शब्दाचे दोन अर्थ असतील, तर कोणाचाही कॉन्फिग चुकीचा नसताना काम बिघडतं. आमचं तेच झालं.

चांदणवेल:
रानवाटताईंशी सहमत. आणखी एक त्रास सांगते, तो रोजचा आहे. 'तुमची ब्रँच ओरिजिन/मेनच्या बरोबरीने आहे' असं गिट सांगतं आणि नवीन माणूस निर्धास्त होतो. ओरिजिन त्याचा स्वतःचा फोर्क असेल, तर तो फोर्क मूळ रेपोच्या तीन आठवडे मागे असला तरी हाच संदेश येतो. तिथे त्याचंच नाव दिसलं असतं, तर 'अरे, हा तर माझाच फोर्क' हे चटकन लक्षात आलं असतं.

मात्र मूळ रेपोला 'अपस्ट्रीम' म्हणू नका. गिटमध्ये हा शब्द आधीच दुसऱ्या अर्थाने आहे: तुमची ब्रँच ज्या ब्रँचचा माग ठेवते ती तिची अपस्ट्रीम. फोर्कवर 'पुश वजा यू' (पुश करतानाच अपस्ट्रीम ठरवणारा पर्याय) केलं की तुमच्या ब्रँचची अपस्ट्रीम ओरिजिनवर असते, आणि अपस्ट्रीम नावाचं रिमोट भलतीकडेच. हे नवशिक्याला समजावताना मी स्वतः दोनदा अडखळले आहे.

कातळशिल्प:
अपस्ट्रीमबद्दलचं पटलं. पण गिटहबचं कमांड-लाइन टूलच क्लोनमध्ये फोर्क करताना जुन्या ओरिजिनला अपस्ट्रीम करून फोर्कला ओरिजिन करतं. प्रवाहाविरुद्ध किती पोहणार?

देवराई:
लिनक्स कर्नलवाले बघा. तिथे एका क्लोनमध्ये मुख्य ट्री (ट्री म्हणजे कर्नलची एकेक रेपो), स्टेबल, लिनक्स-नेक्स्ट असे अनेक रिमोट असतात आणि ओळखीच्या नावांनीच जोडले जातात. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं ते याच कामासाठी. अनेक रिमोट ही गिटची मूळ घडण आहे.

कातळशिल्प:
कर्नलला डझनभर ट्री असतात, आपल्याला दोन. दोनासाठी मी वेगळा उपाय सुचवतो. प्री-पुश हुकला (पुशच्या आधी आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) रिमोटचं नाव आणि पत्ता दोन्ही मिळतात. पत्ता ग्राहकाचा असेल तर हुकने पुश अडवावा. किंवा ग्राहकाच्या रिमोटचा पुश-पत्ता मुद्दाम चुकीचा ठेवा: फेच (तिथून बदल आणणं) चालेल, पुश अडेल. नाव काहीही असो.

रानवाट:
पुश-पत्त्याची युक्ती उत्तम, उद्याच सेटअप स्क्रिप्टमध्ये घालते. पण ती स्क्रिप्ट प्रत्येक मशीनवर चालवावी लागणारच. मग त्याच स्क्रिप्टमध्ये रिनेमची एक ओळ का नको?

कातळशिल्प:
ठीक, माझ्या एका क्लोनवर करून पाहिलं. ट्रॅकिंग ब्रँच नीट बदलल्या. डिप्लॉयची स्क्रिप्ट मात्र फुटली, तिच्यात चार ठिकाणी ओरिजिन लिहिलेलं होतं. चारपैकी दोन ओळींना ग्राहकाची रेपो हवी होती आणि दोन ओळींना फोर्क. माझ्या मशीनवर त्यातल्या दोन आजवर चुकीच्या जागी बघत होत्या. मत अजून बदललेलं नाही, पण ती स्क्रिप्ट आज दुरुस्त करतोय.