मदत हवी आहे: आत्याला उद्या घरी सोडतायत, पण ती भानावर नाही

नमस्कार. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझी आत्या, वय ८२, नारायण पेठेत एकटी राहते. गेल्या आठवड्यात बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. एका खाजगी हॉस्पिटलात अर्धा सांधा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं म्हणतात. पण तेव्हापासून तिचं काहीतरी बिनसलंय. दिवसभर गुंगीत. दिवेलागण झाली की सलाईन ओढते, "दळण आणायचंय, सोडा मला" म्हणत उठू बघते, मला ओळखत नाही. पडायच्या आदल्या दिवशीपर्यंत ही बाई शब्दकोडं पेनाने सोडवत होती!

सिस्टर म्हणतात, "वयामुळे होतं, घरी गेल्या की बऱ्या होतील." डॉक्टर राउंडला येतात, जखम बघतात आणि बाकीचं टोरांटोतल्या आतेभावाशी फोनवर बोलतात. विमा त्याने काढलेला, संमतीही त्याची. मी म्हणजे डबा आणणारी भाची. उद्या डिस्चार्ज. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

हा गोंधळ खरंच वयाचा आहे का? डॉक्टरांना न दुखावता नेमकं काय विचारू? डिस्चार्ज थांबवता येतो का?

प्रतिसाद
मी निवृत्त नर्स आहे. अचानक सुरू होणारा, संध्याकाळी वाढणारा गोंधळ वयावर ढकलू देऊ नका. हा डिलिरियम (आजारपणात अचानक येणारी भ्रमाची अवस्था) वाटतोय. खुब्याच्या ऑपरेशननंतर वयस्कर पेशंटमध्ये पुष्कळदा दिसतो, आणि शोधलं तर बहुधा कारण सापडतं. रक्तातलं सोडियम कधी तपासलं, किती आलं? बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर सोडियम उतरतं. लघवीत इन्फेक्शन आहे का? कॅथेटर काढल्यावर लघवी तुंबत तर नाही ना? पोट शेवटचं कधी साफ झालं? (हे कुणी विचारतच नाही.) रात्री गप्प राहावी म्हणून झोपेचं औषध देत असतील तर त्यानेही गोंधळ वाढू शकतो. उलट घरी वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेत असेल आणि इथे ती एकदम बंद झाली असेल, तरी हेच होतं. घरच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं उचलून घेऊन जा. आणि चष्मा, कानाचं मशीन पिशवीत पडून आहे का बघा.

"उद्या सोडू नका" असं म्हणत जाऊ नका. ते शब्दकोड्याचं आरएमओंना (वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांना) सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा. मग फिजिशियनचं मत मागा. ऑर्थोवाले हाड बघणार, त्यांचंही बरोबरच आहे.

प्रतिसाद
आतेभावाकडून हॉस्पिटलला ईमेल करून घ्या: रोजची माहिती भाचीला द्यावी. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावावी लागते. तिचा फोटो काढून ठेवा, बोलताना जोर येतो. केसपेपरची प्रत मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, हा मेडिकल कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे. कॅशलेसचं अंतिम उत्तर तीन तासांत यावं असं विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये सांगितलंय, तरी कागद अडकले की रात्री नऊला सोडतात. तसं झालं तर सकाळीच नेऊ म्हणा.

प्रतिसाद
अँब्युलन्सवाल्याला मजला आधी सांगा. पेठेतल्या जुन्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, खुर्चीत बसवून उचलायला माणसं लागतात. कमोडची सीट उंच करून घ्या. पायावर किती भार द्यायचा, रक्त पातळ करायचं औषध कधीपर्यंत, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय हलू नका.

धागाकर्ती
खूप आभार. सोडियम १२२ आलं! १३५ च्या वर हवं असतं म्हणे. फिजिशियन येऊन गेले, बीपीची एक गोळी बंद केली, डिस्चार्ज पुढे ढकललाय. काल रात्री चष्मा लावून दिला तर सलाईन ओढलं नाही, पण अजून पूर्ण ठिकाणावर नाही.

आतेभाऊ म्हणतो, थेट एखाद्या पुनर्वसन केंद्रात हलवू. आत्याला कुणी विचारलेलंच नाही. ती नीट बोलायला लागली की आधी तिला विचारणार, असं त्याला सांगितलंय, थोडा चिडलाय. घरीच यायचं म्हणाली तर ब्यूरोची चोवीस तासांची मावशी लागेल. सुट्टीला बदली, जेवणखाण, पोलीस पडताळणी, यांतलं आधी काय काय लेखी ठरवून घ्यावं?