मदत हवी आहे: फ्रेड टेलर हॉल ऑफ फेममध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या महान खेळाडूंच्या सन्मान यादीत) बसतो का?

मंडळी, अमेरिकन फुटबॉल बघणारं कुणी आहे का इथे? जॅक्सनव्हिल जॅग्वार्स संघाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) फ्रेड टेलर मला मनापासून त्या लायकीचा वाटतो. कारकिर्दीत धावून ११,६९५ यार्ड, तेही दर धावेमागे सरासरी ४.६ नं. दुसरा रनिंग बॅक जेरोम बेटिस, त्याचे यार्ड जास्त, पण सरासरी ३.९, तो २०१५ मध्ये आत गेला!

जानेवारी २००० मधल्या मायामीविरुद्धच्या प्लेऑफमधली (मोसमाअखेरच्या बाद फेरीतली) टेलरची ९० यार्डांची धाव मी कितीदा पाहिली असेल. गर्दीतून एकदा सुटला तो सुटलाच.

पण प्रो बोल, म्हणजे मोसमातल्या निवडक उत्तम खेळाडूंचा सामना, त्याच्या वाट्याला एकदाच. उलट रनिंग बॅक टेरेल डेव्हिस जेमतेम ७८ सामने खेळला, तरी तो आत आहे; एका मोसमातले २,००८ यार्ड आणि दोन सुपर बोल (अजिंक्यपदाचे अंतिम सामने) त्याच्या नावावर. मग तोलताना तुम्ही जास्त वजन कशाला देता, शिखराला की सातत्याला? जाणकारांनी जरा नीट समजावून सांगा.