मदत हवी आहे: विद्युतदर्शीची पाने लगेच मिटतात

आठवीच्या मुलांसाठी साधा विद्युतदर्शी (वस्तूवर विद्युत प्रभार आहे का हे दाखवणारं उपकरण) केला आहे: काचेची बाटली, काळे रबरी बूच, 2 मिमी तांब्याची तार, वर धातूची चकती, खाली ॲल्युमिनियम फॉइलच्या 4 सेंमी × 5 मिमी पट्ट्या (हीच पाने). पीव्हीसी नळी लोकरीवर घासून (ऋण प्रभार) चकतीजवळ धरायची, चकतीला बोट लावायचं, आधी बोट काढायचं, मग नळी. क्रम उलटला तर प्रभार उरतच नाही, मुलं नेमकी इथेच चुकतात. पाने धन प्रभाराने छान उघडतात, पण पावसाळी हवेत 10-15 सेकंदांत मिटतात. तीच नळी पुन्हा जवळ आणून पाने मिटताना दाखवायची, म्हणजे प्रभार विरुद्ध आहे हे पटतं. तेवढा वेळच मिळत नाही.

संशय बुचावर आहे. काळ्या रबरात कार्बन असतो, त्यातून प्रभार गळतो. शिवाय बुचावर ओलाव्याचा थर बसतो. टोकांतून प्रभार गळू नये म्हणून तारेची टोकं घासून गोल केली आहेत, फरक पडला नाही.

बुचाऐवजी मेण ओतावं की जाड पॉलिथीनची नळी बसवावी? आत सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) ठेवून दमट हवेत पाने निदान 2 मिनिटं टिकतात का? प्रत्यक्ष करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.