चर्चा: कॉल क्लोज करताना सक्तीचे रकाने किती असावेत?

टूलबॅग

अकरा वर्षं बॅग घेऊन मशीन दुरुस्त करत फिरलो. आता ऑफिसात बसून त्याच लोकांच्या फिल्ड सर्व्हिस ॲपचा वर्कफ्लो लावतो, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या मलाच पडतात. माझं म्हणणं असं, की कॉल (म्हणजे दुरुस्तीचं एकेक काम) ॲपमध्ये बंद करताना तंत्रज्ञाकडून जे रकाने सक्तीने भरून घेतो, त्यातले निम्मे तरी उडवावेत.

'बिघाडाचं कारण' या रकान्यात आम्ही चाळीस कोड दिले होते. तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला, तर सर्वाधिक बिघाड 'अर्थिंग'मुळे! साहेब खूश, रोगाचं मूळ सापडलं म्हणून. सगळ्या साइटच्या अर्थिंगची तपासणी करायची टूम निघाली. नंतर लक्षात आलं की यादी अकारविल्हे आहे आणि अर्थिंग पहिलं आहे. हातात ग्लोव्हज, शेजारी ग्राहक घड्याळ बघत उभा, पुढच्या कॉलला आधीच उशीर. अशा वेळी बोट पहिल्याच ओळीवर पडणार.

स्टेटसची तीच गत. अशी ॲप बनवणारं सेल्सफोर्स काय किंवा मायक्रोसॉफ्टचं डायनॅमिक्स काय, कामाची स्थिती दाखवायला मुळात मोजून सहा-सात स्टेटस देतात: ठरलं, निघाला, काम चालू, संपलं, रद्द, अशी. आम्ही प्रत्येक मीटिंगला एकेक वाढवत एकोणीसपर्यंत नेली. आता पोरं संध्याकाळी गाडीत बसून सगळी बटणं एका दमात दाबतात. सर्व्हरला वाटतं, चार तासांचं काम दीड मिनिटात उरकलं.

डिस्पॅचवाली

टूलबॅग, दुखणं खरं आहे, पण औषध चुकतंय. 'पार्टची वाट' हे स्टेटस तुम्ही उडवलंत तर सर्व्हिस करारातल्या मुदतीचं घड्याळ चालूच राहतं. पार्ट गोदामात अडकला असो की ग्राहकाने साइटचं कुलूप उघडलं नसो, उशीर आपल्याच नावावर. महिनाअखेरीला ग्राहकासमोर दंडाचा हिशोब मांडायला मी बसते, तेव्हा 'साइट बंद होती' ही एक नोंद माझी ढाल असते. वेळेसकट आणि फोटोसकट. ती नसेल तर भांडायला तोंडच नाही.

आणि ज्या वेळा तुम्हाला कटकट वाटतात, त्यांच्यावरच उद्याचं वेळापत्रक उभं असतं. एका माणसाला दिवसाचे १० कॉल दिले तर ते ३६,२८,८०० वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतात. शेड्युलर, म्हणजे ॲपमधला वेळापत्रक लावणारा भाग, त्यातला चांगला क्रम शोधतो, पण कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे त्याला आपणच शिकवतो. दीड मिनिट शिकवलंत तर तो एकाच्या माथी तीस कॉल मारेल. मग पुन्हा मलाच फोन, "ताई, हे काय लावलंय?"

लिफ्टचा माणूस

मी सक्तीच्या बाजूचा, आणि कारण साधं आहे. आमच्या धंद्यात विसरलेला रकाना माणूस खाऊ शकतो. लॉकआउट-टॅगआउट ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: मशीन बंद करा, वीज तोडा, तिथे आपलं कुलूप लावा, स्प्रिंग-कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा सोडा, आणि खरंच मेलंय का हे तपासूनच हात घाला. अमेरिकेत १९८९ सालापासून याचा स्वतंत्र नियम आहे. ही पावलं ॲपने अडवून विचारलीच पाहिजेत, तिथे तडजोड नाही.

मात्र आमचीही एक फजिती सांगतो. पहिल्या व्हर्जनमध्ये 'कुलूप लावलं होतं का?' हा प्रश्न कॉल बंद करताना यायचा. म्हणजे उत्तर द्यायला जो जिवंत परत आलाय, तो 'हो'च म्हणणार! मग तो 'काम सुरू'च्या आधी आणला आणि कुलपाचा फोटो मागितला. आठवड्याभरात एकच फोटो सगळीकडे फिरायला लागला. शेवटी गॅलरीतून फोटो टाकायची सोय बंद केली, कॅमेऱ्यातूनच काढायचा.

टूलबॅग

लिफ्टवाले भाऊ, सुरक्षेचं मान्य. मी काढतो म्हणालो ते रकाने हे नव्हेत. माझी चाचणी अशी आहे: हा रकाना रिकामा राहिला तर दुसऱ्या दिवशी कोण फोन करेल, त्याचं नाव सांगा. 'साइट बंद'साठी डिस्पॅचवाली ताई फोन करतील, ठेवा. सीरियल नंबरसाठी वॉरंटीवाले करतील, तोही ठेवा (बारकोड स्कॅन करू द्या, हाताने टाइप नको). पण 'ग्राहकाची मनःस्थिती' हा रकाना आमच्याकडे दोन वर्षं सक्तीचा होता. कोणी वाचला? कोणीच नाही. तो मागवणारे साहेबही नोकरी सोडून गेले.

कॉन्फिगबहाद्दर

बटणं दाबायलाच कशाला लावता? जिओफेन्स, म्हणजे साइटभोवती नकाशावरचं कुंपण, लावा. फोन साइटच्या शंभर मीटरच्या आत आला की 'पोहोचलो' आपोआप, बाहेर गेला की 'निघालो'. माणसावर भरवसाच नको.

टूलबॅग

पार्किंग शोधत तीन फेऱ्या मारल्या की तुमचं कुंपण त्याला तीनदा पोहोचवतं आणि तीनदा परत पाठवतं. शिवाय एकाच इमारतीत दोन ग्राहक असले तर? मशीन तळघरात, तिथे ना जीपीएस ना नेटवर्क. तिथे ॲप ऑफलाइन नीट चाललं आणि नोंदीत फोनवरची वेळ व सिंक झाल्याची (नोंद सर्व्हरला पोचल्याची) वेळ अशा दोन्ही वेगळ्या राहिल्या, तरी पुष्कळ. आमच्याकडे सुरुवातीला फक्त सिंकची वेळ धरायचे, म्हणून प्रामाणिकपणे बटण दाबणारा पोरगाही खोटारडा ठरला. त्यानंतर त्याने दाबणंच सोडलं.

डिस्पॅचवाली

हा मुद्दा पटला. दोन वेळा ठेवायच्या हे मी आमच्या टीमलाही सांगते. पण 'कोण फोन करेल' ही चाचणी अपुरी आहे. काही रकान्यांचं मोल वर्षाने कळतं. एकाच बॅचचे पंप सगळीकडे एकाच पद्धतीने जात आहेत, हे दुसऱ्या दिवशी कोणाला दिसणार? तेल आणि वायू उद्योगात बिघाडाच्या नोंदी कशा घ्याव्यात यासाठी आयएसओ १४२२४ हे अख्खं मानक आहे, ते उगाच नाही.

रात्रपाळी

थोडं अवांतर. ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात झेरॉक्सच्या तंत्रज्ञांबरोबर फिरला. त्याला दिसलं की अवघड बिघाड सुटतात ते मॅन्युअलमुळे कमी आणि एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांमुळे जास्त. पुढे झेरॉक्सने 'युरेका' नावाची प्रणाली केली. तंत्रज्ञानेच युक्ती लिहायची, अनुभवी सहकाऱ्यांनी तपासायची, लिहिणाऱ्याचं नाव खाली. चाळीस कोडांऐवजी 'काय सापडलं?' एवढाच एक मोकळा रकाना द्या, आणि ते पुढच्या कॉलला जाणाऱ्याला दिसू द्या. आपलं लिहिलेलं कोणीतरी वाचतंय हे कळलं की माणूस लिहितो.

डिस्पॅचवाली

मोकळे रकाने मी पाहिलेत, रात्रपाळी. 'झालं', 'ओके', 'चेक केलं', आणि एकाने नुसता टिंब दिला होता. युरेकावाल्यांचं नाव खाली यायचं, आमच्या पोरांचं फक्त वेतनपत्रकात येतं.

लिफ्टचा माणूस

मधला मार्ग आमच्याकडे चाललाय. मशीनच्या प्रकारानुसार यादी गाळून सात-आठच कोड दाखवतो आणि 'इतर' निवडलं तरच दोन शब्द लिहायची सक्ती. 'इतर'मध्ये एकच गोष्ट वारंवार आली की तिचा कोड करतो आणि न वापरलेला एक काढतो. हे दर महिन्याला बसून करणारा माणूस लागतो मात्र. तो नसेल तर काहीच कामाचं नाही.

कॉन्फिगबहाद्दर

ते सगळं ठीक, पण टूलबॅग, त्या अर्थिंगचं शेवटी काय झालं?

टूलबॅग

यादीत सगळ्यात खाली सरकवलं. या महिन्यात सर्वाधिक बिघाड 'आर्द्रते'मुळे. साहेब डीह्युमिडिफायरची कोटेशनं मागवतायत.